गाडी त्यांची, नाव आपले



कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचा गावरस्ता समृद्धी महामार्गाच्या वरून पुलाने जातो. त्या पुलाच्या कठड्याला टेकून दोन पोरे उभी होती. शाळा बुडवून खालून जाणाऱ्या गाड्या मोजत होती. मी मोटारसायकल थांबवून विचारले, काय चालले आहे रे? थोरला म्हणाला, "काका, आत्ता इथून उरूस गेली."

मी चक्रावलो. उरूस भरतो, उरूस होतो, उरूस 'गेली' म्हणजे काय? आणि ऐन वेचणीत कोणत्या पिराचा उरूस? पोरे पोट धरून हसली. मग धाकट्याने मला शिकवले. उरूस म्हणजे लॅम्बोर्गिनी कंपनीची गाडी. जीपसारखी उंच, पण पळायला शर्यतीच्या मोटारीसारखी. साडेतीन सेकंदांत शंभराचा वेग. ज्याच्या बापाच्या घरी अजून पत्र्याचे छप्पर आहे, त्या पोराला इटलीतल्या गाडीचे सगळे आकडे तोंडपाठ! मला त्याचे कौतुकच वाटले. आमच्या वयाला आम्हाला फक्त बी.डी.ओ. साहेबाची जीप ठाऊक होती, आणि ती गावात आली की वसुलीलाच आली असणार, एवढे कळत होते.

त्या दिवसापासून या गाडीचा विषय डोक्यात बसला. जमेल तेवढे वाचले, विचारले. जे हाती लागले ते मांडतो. गाडी श्रीमंतांची आहे, पण तिच्या गोष्टीत जागोजागी आपले नाव आहे, म्हणून हा लेख आपल्या पानावर.

आधी नेहमीचा हिशेब उरकून टाकू. या उरूसची नवी आवृत्ती, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारतात विकायला आली. शोरूमची किंमत ४ कोटी ५७ लाख रुपये. त्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे एका गाडीला सहा हजार क्विंटलांहून जास्त कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले, तर बाराशे एकरांचा हंगाम. त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी काहीही वजा केलेले नाही.

हा हिशेब सभेत सांगितला की टाळ्या पडतात. मीही पूर्वी असे हिशेब सांगून टाळ्या घेतल्या आहेत. पण त्यात खोट आहे. कोणी स्वतःच्या पैशाने चार कोटींची गाडी घेतली, तर त्याने माझ्या वावरातला कापूस चोरला असे होत नाही. त्याची गाडी काढून घेतली तर माझ्या बोंडाला एक दाणा जास्त धरत नाही. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून जळणाऱ्यांचे राजकारण या देशात पुष्कळ झाले. त्यात शेतकऱ्याच्या पदरी लेव्हीची ज्वारी आणि एकाधिकाराचा कापूस यापलीकडे काही पडले नाही. तेव्हा हा लेख गाडीवाल्याच्या विरोधात नाही. प्रश्न दुसराच आहे. तो कळायला ही गाडी आली कुठून ते पाहावे लागेल.

लॅम्बोर्गिनी हे एका माणसाचे आडनाव. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी. १९१६ साली इटलीत चेंतोजवळच्या रेनाझ्झो गावी जन्म, घर शेतकऱ्याचे, द्राक्षबागा लावणारे. पोराचे लक्ष बागेत कमी आणि अवजारात जास्त. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात मेकॅनिक म्हणून गेला, इंग्रजांच्या कैदेत राहिला आणि युद्ध संपल्यावर गावी परतला. पाहतो तर शेतीला यंत्र नाही आणि लष्कराच्या भंगारात यंत्रेच यंत्रे पडलेली. त्याने त्या भंगारातल्या गाड्या घेतल्या आणि त्यांतून ट्रॅक्टर जुळवायला लागला. तिकडे पेट्रोल महाग. याने अशी जोडणी बसवली की ट्रॅक्टर सुरू करायचा पेट्रोलवर आणि तापला की स्वस्त तेलावर चालवायचा. १९४८ साली रीतसर ट्रॅक्टरची कंपनी काढली. आपल्या गावातला एखादा हुशार वेल्डिंगवाला करील, तसलीच ही सारी खटपट. फरक एवढाच की त्याच्या दारात ट्रॅक्टर घ्यायला गिऱ्हाईक उभे राहिले.

इथे जरा थांबा. गिऱ्हाईक कोण? तिथला शेतकरी. त्याच्याजवळ ट्रॅक्टर घेण्याइतका पैसा किंवा पत होती, म्हणून लॅम्बोर्गिनी श्रीमंत झाला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळला की तो दारूत जातो, लग्नात जातो असे आपल्याला शहाणे लोक सांगतात. इटलीत तो ट्रॅक्टरच्या कारखान्यात गेला. त्या कारखान्याच्या नफ्यातून १९६३ साली सांत आगाता बोलोन्येझे या गावी मोटारींचा कारखाना उभा राहिला. आज जगातले धनाढ्य ज्या नावासाठी रांग लावतात, ते नाव आधी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर रंगवलेले होते.

मोटारीच्या धंद्यात तो कसा पडला याची एक गोष्ट सांगतात. त्याच्याकडे फेरारी कंपनीची गाडी होती. तिचा क्लच सारखा जायचा. खोलून पाहिले तर आपल्या ट्रॅक्टरला बसवतो तसलाच क्लच! तक्रार घेऊन गेला तर फेरारीच्या मालकाने ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टरच चालवावा अशा थाटात वाटेला लावले. मग याने स्वतःची मोटार काढली. गोष्टीत मीठमिरची किती ते सांगता येत नाही, पण तालुक्याच्या कचेरीत ज्याला कोणी बसायलाही सांगितले नाही, त्याला ती खरी वाटेल.

कंपनीचे चिन्ह वळूचे, कारण फेरुच्चोची रास वृषभ. आणि उरूस हे नावही बैलाचेच. उरूस म्हणजे रानटी गोवंश, ज्याच्यापासून जगभरच्या गाई-बैल माणसाळले. त्यातला शेवटचा जीव १६२७ साली पोलंडच्या रानात मेला. त्याची हिंदुस्थानातली शाखा या भूमीवर माणसाळली आणि तिच्यातून वशिंडाचा बैल आला. आपला गवळाऊ, आपला लाल कंधारी त्याच कुळातला. पुलावरच्या पोरांना हे सांगितले तेव्हा धाकटा म्हणाला, "मग शिंगे कुठे आहेत?" मला उत्तर देता आले नाही. बैलाच्या नावाची गाडी ज्या रस्त्यावरून जाते, त्या रस्त्यावर बैलगाडीला मज्जाव आहे, हे मात्र त्याला ठाऊक होते.

अशा गाड्यांचे पेव का फुटले? पूर्वी शर्यतीच्या जातीची मोटार म्हणजे जमिनीला चिकटलेली, दोन माणसांची. त्यात बायकोमुले मावत नाहीत, खड्डा लागला की पोट घासते. श्रीमंताला वेग हवा, पण उंचावर बसून, कुटुंब घेऊन, सामान टाकून हवा. १९९० च्या दशकात पोर्शे ही जर्मन कंपनी बुडायच्या काठावर आली होती. तिने २००२ साली काएन नावाची उंच गाडी काढली. जुन्या भक्तांनी नाके मुरडली. पण पैसा त्याच गाडीने आणला. २०२३ मध्ये पोर्शेने जगभर ३,२०,२२१ गाड्या दिल्या, त्यांत काएन आणि तिची धाकटी बहीण माकान मिळून पावणेदोन लाखांच्या घरात. मग बेंटली आली, रोल्स-रॉइस आली, अॅस्टन मार्टिन आली. लॅम्बोर्गिनीची उरूस २०१७ च्या डिसेंबरात जगापुढे आली आणि जानेवारी २०१८ मध्ये भारतात, तेव्हा तीन कोटींना. २०१७ साली या कंपनीच्या साऱ्या जगात मिळून ३,८१५ गाड्या गेल्या होत्या. २०१९ साली ८,२०५, त्यांत ४,९६२ उरूस. २०२४ साली १०,६८७. भारतात २०२३ मध्ये कंपनीच्या १०३ आणि २०२४ मध्ये ११३ गाड्या गेल्या, आणि इथेही मोठा वाटा उरूसचाच.

पहिल्या उरूसचे इंजिन ६५० अश्वशक्तीचे. आपल्या ट्रॅक्टरचे पस्तीस-पन्नास. वजन बावीस क्विंटलांच्या आसपास. वेग ताशी ३०५ किलोमीटरपर्यंत. समृद्धीवरची मर्यादा १२०. म्हणजे गाडीत जेवढा वेग विकत घेतला, त्याचा निम्माही रस्त्यावर वापरायची परवानगी नाही. वाळू, बर्फ आणि माती यांसाठी वेगवेगळ्या चाली आहेत, खटका दाबला की गाडी त्याप्रमाणे वागते. मातीच्या चालीचे नाव 'तेरा', इटालियन भाषेत माती. ज्याचा जन्म मातीत गेला, त्याला हा खटका लागत नाही. आणि ज्याने तो विकत घेतला, त्याची गाडी बहुधा हॉटेलच्या पोर्चबाहेर उतरतच नाही.

पण मला वेगापेक्षा दुसऱ्या गोष्टीचे नवल वाटले. उरूसचा खालचा सांगाडा आणि ऑडी क्यू-७, पोर्शे काएन, बेंटली बेंटायगा यांचा सांगाडा एकाच घराण्यातला आहे. सगळ्या कंपन्या एकाच फोक्सवॅगन कुटुंबातल्या. एकाच पायावर चार-पाच घरे, आणि प्रत्येक घराचे भाडे वेगळे. २०२३ साली लॅम्बोर्गिनीने २६६ कोटी युरोंची विक्री केली आणि धंद्यातून ७२ कोटी ३० लाख युरो नफा काढला. शंभराच्या विक्रीला सत्तावीस नफा! एवढा नफा कसा राहतो? किंमत कंपनी ठरवते म्हणून. खर्च मांडते, वर नफा मांडते, आणि ज्याला परवडेल त्याने घ्या म्हणते. गिऱ्हाईक थांबते, कधी वर्ष-वर्ष थांबते. फेरारीचे तर धोरणच असे सांगतात की मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवायची. तिने २०२२ साली पुरोसांग्वे नावाची उंच गाडी काढली, आणि वर्षाच्या गाड्यांतल्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ही बनवायची नाही असे आधीच ठरवून टाकले. २०२४ साली फेरारीने साऱ्या जगाला मिळून १३,७५२ गाड्या दिल्या. आमच्या एका बाजार समितीच्या आवारात हंगामाच्या गर्दीत त्याहून जास्त बैलगाड्या आणि मेटॅडोर येऊन जात असतील.

माल कमी पाठवला तर भाव राहतो, ही अक्कल फेरारीला आहे आणि कास्तकाराला नाही, असे नाही. कास्तकाराला थांबता येत नाही. त्याचा कापूस घरात ठेवला तर पिसवा होतात, पोरांना खाज सुटते, आणि दुकानदार पाडव्यापर्यंत थांबत नाही. बरे, थांबला आणि भाव चढला, तर सरकार थांबत नाही. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका हुकमाने बंद झाली. ओरड झाल्यावर आठवड्याभरात माघार घेतली, पण बाजार पडायचा तो पडला. लॅम्बोर्गिनीची किंमत फार चढली, परदेशी विकू नका, असा हुकूम इटलीच्या सरकारने काढल्याचे मी कुठे वाचले नाही.

आता आपल्या नावाकडे वळू. या उंच गाड्यांचे दुसरे घराणे इंग्लंडचे. रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स याची अँगलसी बेटावर शेती होती. तिथे तो युद्धातली जुनी अमेरिकन जीप वापरायचा. ती खिळखिळी झाली तेव्हा १९४७ साली त्याने समुद्रकाठच्या वाळूत नव्या गाडीचे चित्र काढले. शेतकऱ्यासाठी गाडी, जी बाजाराला जाईल, ओढकाम करील आणि जिच्या इंजिनावर मळणीयंत्रही चालेल. पहिल्या नमुन्यात तर स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. पोलाद मिळत नव्हते म्हणून वरचे पत्रे अॅल्युमिनियमचे. १९४८ साली अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लँड रोव्हर म्हणून दाखवली. १९७० साली तिची मोठी बहीण रेंज रोव्हर आली, तिचाही आतला भाग पाण्याने धुऊन काढता येईल असा होता, कारण मालकाच्या बुटाला चिखल असणार हे धरलेले होते. आज त्याच रेंज रोव्हरमध्ये सहाशेवर अश्वशक्तीची, कातड्याने मढवलेली आवृत्ती मिळते. कंपनी २००८ पासून टाटांची आहे आणि २०२४ पासून रेंज रोव्हर पुण्यात जुळवली जाऊ लागली. चिखलाच्या बुटासाठी काढलेली गाडी पुण्यात तयार होते, आणि पुण्याच्या जिल्ह्यातला ज्वारीवाला तिच्याकडे पाहून रस्त्याच्या कडेला सरकतो. गाडी सुधारत गेली, महाग होत गेली, त्याला कोणाचा इलाज नाही. चांगली वस्तू श्रीमंताने उचलली म्हणून रडायचे कारण नाही.

रडायचे कारण कायद्यात आहे, आणि त्याचे उदाहरण अमेरिकेत पाहायला मिळते. १९८४ साली तिथल्या सरकारने ठरवले की धंद्याच्या नावावर महागड्या मोटारी घेऊन लोक प्राप्तिकर वाचवतात, त्याला आळा घालू. मोटारीच्या घसाऱ्यावर मर्यादा घातली. पण शेतकऱ्याला आणि कारागिराला जड मालगाडी लागते, तिला मर्यादा नको, म्हणून सहा हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे २,७२० किलोंहून, जास्त भारवजनाच्या गाड्या वगळल्या. हेतू चांगला. मग काय झाले? वकील, डॉक्टर, जमिनीचे दलाल शोधायला लागले, अशी कोणती आरामाची गाडी आहे जी या वजनात बसते. कारखानदारांनी तशा गाड्या दिल्या. २००३ साली पहिल्याच वर्षी एक लाख डॉलरपर्यंत खर्च टाकायची मुभा झाली आणि हमर घेणाऱ्यांची चैन झाली. बोंब झाली म्हणून २००४ साली अशा गाड्यांपुरती ती पंचवीस हजारांवर आणली, पण दुसऱ्या दारांनी सवलती येत राहिल्या. २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने, त्या वर्षीच्या १९ जानेवारीनंतर धंद्यासाठी घेतलेल्या अशा जड गाडीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकायची वाट पुन्हा मोकळी झाली. मर्सिडीजची जी-वॅगन सहा हजार पौंडांच्या काट्यावर आरामात बसते. शेतकऱ्याच्या पिकअपसाठी फोडलेल्या भिंतीतून ती गाडी गेली.

हसू नका, आपल्याकडेही तेच झाले. डिझेलचे भाव वर्षानुवर्षे सरकारने बांधून ठेवले. कोणाच्या नावाने? शेतकऱ्याच्या. पंपाला लागते, ट्रॅक्टरला लागते म्हणून. तोटा पडला की वर्तमानपत्रात मथळा, शेतकऱ्यांच्या डिझेलने तिजोरी रिकामी. आणि त्या काळात मोठ्या विदेशी उंच गाड्या डिझेलवर पळत होत्या. ज्याची गाडी पन्नास लाखांची, तो टाकी भरून शेतकऱ्याच्या नावाची सूट घरी नेत होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव मोकळा झाला, तोपर्यंत हे चालले. कोरडवाहू शेतकरी किती डिझेल जाळतो? ज्याच्या विहिरीला मार्गशीर्षातच तळ दिसतो, त्याचा पंप किती दिवस चालतो? पण बदनामीत वाटा पुरा.

आता तिसरा प्रकार. २०२५ च्या फेब्रुवारीतला अर्थसंकल्प. चाळीस हजार डॉलरांहून महाग आयात गाडीवरचा मूळ आयातकर शंभर टक्क्यांवरून सत्तरवर आणला, आणि त्यावर चाळीस टक्के उपकर लावला. एकूण एकशे दहा. आधीही सगळे धरून एकशे दहाच पडत होते. बेरीज तीच, नाव नवे. उपकराचे नाव कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर! भावांनो, उरूसवर आपले नाव आहे ते असे. आणि उपकर म्हणजे असा पैसा, जो केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. चार कोटींच्या गाडीमागे शेतीच्या नावाने एवढा पैसा गोळा होतो, तर आपल्या तालुक्यात त्यातून कोणते गोदाम झाले, कोणत्या बाजार समितीच्या आवारात पत्र्याचे छत पडले, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

त्याच वर्षी कापसाचे काय झाले तेही पाहा. २०२१ पासून बाहेरच्या कापसावर अकरा टक्के आयातकर होता, त्यातही पाच टक्के याच कृषी उपकराचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवला, कापड गिरण्यांनी हाकाटी केली, आणि १९ ऑगस्टपासून तो अकरा टक्के कर माफ झाला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बोंडातून बाजारात येईपर्यंत. गाडीला एकशे दहाची भिंत, कापसाला अकराचे कुंपण, आणि पहिल्या वाऱ्यात कुंपणच उचलले. पुन्हा स्पष्ट सांगतो, मला भिंतीचे प्रेम नाही. भिंती पाडायच्या तर खुशाल पाडा. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या करारात तिकडच्या गाड्यांवरचा कर ठरावीक संख्येपुरता टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर आणायचे ठरले आहे. म्हणजे श्रीमंताच्या गाडीची भिंत उतरते ती वर्षे मोजून, संख्या मोजून, कारखानदाराला सावरायला वेळ देऊन. कापसाची उतरली एका रात्रीत. निदान तेवढा वेळ तरी कापसाला द्यायचा होता.

न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. बारावरून पाच टक्क्यांवर आला. चांगले झाले. त्याच दिवशी मोठ्या उंच गाड्यांवरचा कर, उपकर धरून पन्नास होता, तो चाळीसवर आला. ट्रॅक्टरला सात टक्के सूट, त्यांना दहा. त्यांची गाडी महाग, म्हणून दहा टक्क्यांचे वजनही मोठे.

शेवटी कर्ज. औरंगाबादची २०१० सालची गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबर महिन्यात शहरातल्या मंडळींनी मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा. त्यात सगळ्या काही उंच गाड्या नव्हत्या, पण हौस हीच. सरकारी मालकीच्या बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिले. त्या सुमारास ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा आणि त्याहून वर व्याज पडत होते. तेव्हा फार गहजब झाला. मला बँकेचा राग आला नव्हता, आजही नाही. दीडशे गिऱ्हाइके एकदम आली, घासाघीस केली, तारणही चोख, तर कोणताही सावकार व्याज उतरवील. घेणाऱ्यांनी एकत्र येऊन सौदा केला यात तर शिकण्यासारखे आहे. बँक म्हणते शेतकऱ्याकडे हप्ता भरायची खात्री नाही. तेही खोटे नाही. खात्री कशी असेल? उत्पन्न येते भावातून, आणि भावावर कोणाचा हात केव्हा पडेल याची खात्री रिझर्व्ह बँकेलाही नाही. हप्ता चुकतो तो त्या हाताने, आणि 'थकबाकीदार' हे नाव मात्र सातबाऱ्यावर आपले.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनीलाही हा हात लागला होता. १९७१ मध्ये बोलिव्हियात सत्ता उलथली, तिकडची ट्रॅक्टरची मोठी मागणी रद्द झाली आणि त्याचा ट्रॅक्टरचा कारखाना डगमगला. १९७२ साली मोटार कंपनीचा ५१ टक्के हिस्सा विकला, दोन वर्षांनी उरलेला. ट्रॅक्टरचा कारखानाही गेला. मग या माणसाने काय केले? त्रासिमेनो तळ्याकाठी जमीन घेतली आणि द्राक्षे लावली. १९९३ साली तो वारला तोपर्यंत शेतकरीच होता. द्राक्षाची दारू काढून बाटलीवर स्वतःचे नाव घालून विकत होता, स्वतः ठरवलेल्या किमतीला. हे त्याला जमले, कारण तो द्राक्षे अडत्याच्या काट्यावर नेऊन टाकत नव्हता.

आता कामाचे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने दोन कागद आणावेत. एक, ट्रॅक्टरच्या कर्जाचा, ज्यावर व्याजाचा दर आणि विम्याचे, तपासणीचे, नोटिशीचे वेगळे लावलेले खर्च दिसतील. ट्रॅक्टर नसेल त्याने मोटारसायकलच्या कर्जाचा आणला तरी चालेल. दुसरा, या हंगामात कापूस किंवा ज्वारी विकल्याची पट्टी, तारखेसह. तारीख महत्त्वाची आहे, कारण आयातकर माफ होता त्या दिवसांतला भाव आणि त्याआधीचा भाव फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचा आहे. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी ठेवा. मागच्या खेपेला दोघांचे मूळ कागद सतरंजीबरोबर गुंडाळून गेले होते, ते अजून सापडलेले नाहीत.